मंत्रचळ : शंका, कृती आणि सुटका

नकोसे, विचित्र, प्रसंगी भयंकर वाटणारे विचार मनात येणे ही निरोगी मनाचीही रीत आहे. गच्चीच्या कठड्याशी उभे असताना खाली झोकून देण्याची क्षणिक कल्पना, देवापुढे हात जोडलेले असताना मनात उमटलेली शिवी किंवा घराबाहेर पडल्यावर कुलूप लावले की नाही ही शंका बहुतेकांनी कधी ना कधी अनुभवलेली असते. स्टॅनले रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली अशा विचारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा निरोगी माणसांच्या आणि रुग्णांच्या नकोशा विचारांचा आशय पुष्कळसा सारखाच असल्याचे दिसून आले. मात्र रुग्णांना ते विचार अधिक वेळा येत, अधिक छळत आणि हटवू म्हणता हटत नसत. म्हणूनच या आजाराचा उलगडा करताना, मनात कोणता विचार आला यापेक्षा त्या विचाराला माणूस काय उत्तर देतो याकडे पाहावे लागते.

ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजेच ओसीडी किंवा मराठीत मंत्रचळ, या आजाराची दोन अंगे आहेत. इच्छेविरुद्ध पुन्हा पुन्हा मनात घुसून अस्वस्थ करणारा विचार, प्रतिमा किंवा ऊर्मी म्हणजे अनिवार्य विचार, तर ती अस्वस्थता शमवण्यासाठी केल्यावाचून राहवत नाही अशी कृती म्हणजे अनिवार्य कृती. हात धुणे, गॅसचा रेग्युलेटर तपासणे, वस्तू ठरावीक रीतीनेच मांडणे या कृती घरच्यांच्या नजरेस पडतात. परंतु मनातल्या मनात आकडे मोजणे, अभद्र विचार ‘पुसून टाकण्यासाठी’ ठरावीक वेळा नाम घेणे, घडून गेलेला प्रसंग आठवून आठवून खात्री करून घेणे याही कृतीच असतात आणि त्या दिसत नसल्याने असे रुग्ण वर्षानुवर्षे निदानाविना राहतात. या साऱ्यात रोजचा तासाहून अधिक वेळ जाऊ लागला किंवा शिक्षण, नोकरी, नातेसंबंध यांत अडथळे येऊ लागले की तो स्वभावाचा भाग न मानता आजार समजला जातो. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयात किंवा विशीत होते, आणि बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांमधील त्याचे प्रमाण पाऊण टक्क्याच्या आसपास आढळले.

स्वच्छता आणि सोवळेओवळे यांना मान असलेल्या घरांत हा आजार सहज लपून राहतो. तथापि सोवळे पाळणारी व्यक्ती नेम पूर्ण झाला की समाधानाने पुढच्या कामाला लागते, तर रुग्णाचा नेम कधी पुरा होतच नाही. हात स्वच्छ दिसत असूनही ते स्वच्छ झाल्याची आतली खूण पटत नाही आणि साबण पुन्हा हातात घ्यावा लागतो. हे वागणे अतिरेकी आहे याची जाणीव बहुतेक रुग्णांना असते, म्हणूनच ‘कळत कसे नाही’ असे बोलल्याने लाजेखेरीज काही साधत नाही.

आजार टिकतो तो मुख्यतः सुटकेच्या अनुभवामुळे. हात धुतल्यावर भीती काही काळ ओसरते, ही सुटका त्या कृतीला बळ देते, आणि भीती आपोआपही ओसरली असती हे मेंदूला शिकण्याची संधीच मिळत नाही. पुढच्या वेळी तीच शंका आली की तीच कृती अधिक अपरिहार्य वाटते आणि एका धुण्याची चार धुणी होतात.

हे चक्र नेमके कृतीपाशी तोडता येते, हे लंडनमधील मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवरील उपचारांच्या वृत्तांतातून दाखवले आणि त्यातूनच पुढे ‘सामना आणि प्रतिसाद-प्रतिबंध’ ही उपचारपद्धती विकसित झाली. तिच्यात रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीच्या प्रसंगांची चढती यादी करतात आणि प्रत्येक प्रसंगाला शून्य ते शंभर असे अस्वस्थतेचे गुण देतात: घरच्या दाराची कडी तीस, एसटीतला दांडा पंचावन्न, चपलेचा तळ ऐंशी. मग तिशीच्या पायरीपासून आरंभ करून रुग्ण कडीला हात लावतो, तोच हात सदऱ्यावरून फिरवतो आणि न धुता बसून राहतो. अस्वस्थता चढते, काही वेळ तशीच राहते आणि बहुतेक वेळा हळूहळू उतरू लागते. ती उतरली नाही तरी सराव वाया जात नाही, कारण अस्वस्थता सोसता येते आणि खात्री नसतानाही जगता येते, हा धडा त्यातून मिळतो. ही पायरी रोज घरी गिरवल्यावर पुढची घेतली जाते.

या उपचारात घरच्यांची भूमिका निर्णायक ठरते. ‘आई, गॅस बंद आहे ना?’ या प्रश्नाला दहाव्यांदा ‘हो रे, आहे’ असे उत्तर देणारी आई प्रेमापोटी आजारालाच खतपाणी घालत असते, कारण दिलासा मागणे हीदेखील अनिवार्य कृतीच आहे. अशी उत्तरे एकाएकी तोडण्याऐवजी उपचारकाच्या सल्ल्याने, रुग्णाशी आधी बोलून टप्प्याटप्प्याने कमी करावी लागतात.

फ्लुओक्सेटीन, फ्लुवोक्सामीन, सर्ट्रालीन यांसारखी सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे मानसोपचारतज्ज्ञ देतात; नैराश्यापेक्षा येथे बहुधा मात्रा अधिक लागते आणि पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, त्यामुळे पंधरवड्यात गुण आला नाही म्हणून गोळ्या बंद करणे चुकीचे ठरते. कॅलिफोर्नियात लुईस बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात औषधाने बऱ्या झालेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने बऱ्या झालेल्या, अशा दोन्ही गटांतील रुग्णांच्या मेंदूतील कॉडेट या भागाच्या कार्यात सारखा बदल आढळला. मेंदूचा आजार आहे म्हणून सरावाचा उपयोग नाही, हा समज त्यामुळे टिकत नाही.

बरे झाल्यावरही परीक्षा, बाळंतपण किंवा नोकरीतील बदल अशा ताणाच्या काळात जुनी शंका डोके वर काढू शकते. त्या वेळी हरल्याची भावना न बाळगता यादीतली सोपी पायरी पुन्हा गिरवणे, औषधे मनाने न बदलणे आणि वेळेवर तज्ज्ञांकडे जाणे हिताचे असते. जवळपास तज्ज्ञ नसल्यास केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.