फूल, पाखरू आणि लाकडाचा ठसा

जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रे आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. ती रंगविणाऱ्या चित्रकारांत याच नगरीचे ब्योहार राममनोहर सिन्हा होते. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेचे पान सजविणारे तेच. त्यांचे गुरू नंदलाल बोस १९२४ साली रवींद्रनाथांसमवेत चीन-जपानला गेले होते. त्या जपानची एक लोकप्रिय कला म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली फुलापाखरांची चित्रे. तेथे त्यांना ‘काचो-ए’, म्हणजे ‘फूल-पक्षी-चित्र’, म्हणतात.

या चित्रांतील जोड्या बहुधा ठरलेल्या असतात. प्लमच्या बहराशी उगुइसू नावाचा गाणारा पक्षी, बांबूशी चिमणी, पाइनशी क्रौंच, पौर्णिमेच्या चंद्राशी रानहंस. आपल्याला हे नवखे वाटू नये. आम्रमंजरी म्हटली की कोकिळा आणि मेघ म्हटला की चातक, हा कविसंकेत आपल्याही अंगवळणी पडलेला आहेच. संकेतामुळे चित्रकाराचे काम सोपे होते. ऋतूचे नाव न लिहिताही पाहणारा तो ओळखतो. मूळची ही परंपरा चिनी; जपानने ती आपलीशी केली आणि होकुसाई (१७६०–१८४९) व हिरोशिगे (१७९७–१८५८) यांनी ती ठशांच्या चित्रांत वैभवाला नेली.

परंतु या चित्रावर एकाच हाताचा हक्क नसे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. खोदकार ते चेरीच्या फळीवर पालथे चिकटवी आणि रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून काढी. त्यात मूळ रेखाटन नष्टच होई! पिसाची केसासारखी रेषा आज आपण पाहतो, ती खोदकाराच्या सुरीतून उतरलेली असते. पुढे प्रत्येक रंगासाठी बहुधा वेगळी फळी. कागद तसूभरही सरकू नये म्हणून फळीच्या कडेला खाचेच्या खुणा. मुद्रक ब्रशाने रंग लावी, कागद पसरी आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने तो घासी. आकाशाचा निळा फिका होत जातो, ते फळीवरचा रंग पुसून साधलेले असते. बगळ्याच्या पांढऱ्या पिसांसाठी पुष्कळदा शाईच नसे. नुसत्या दाबाने कागदावर उठाव येई.

चित्रावर सही मात्र चित्रकाराची आणि बहुधा मुद्रा प्रकाशकाची. खोदकार व मुद्रक यांची नावे क्वचितच आढळतात. विसाव्या शतकात ओहारा कोसोन (१८७७–१९४५) यांनी ही परंपरा पुन्हा फुलविली, तेव्हाही कामाची विभागणी तीच होती.

म्हणून असे एखादे चित्र पाहावयास मिळाले, तर प्रथम त्यातला ऋतू ओळखावा आणि मग पक्ष्याच्या पंखावरची सर्वांत बारीक रेषा शोधावी. ज्याच्या हाताने ती आपल्यापर्यंत पोचविली, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. त्याचा हात मात्र तेथे स्पष्ट दिसतो.