रावणाची आई काय म्हणाली?

गेल्या नवरात्रात आमच्या घरी एक खटला चालला. आरोपी रावण, त्याचे वकील आमचे चिरंजीव, वय वर्षे सतरा, आणि न्यायासनावर, म्हणजे माजघरातल्या पलंगावर, माझी आई. फिर्यादीची बाजू मराठीचा प्राध्यापक या नात्याने ओघानेच माझ्याकडे आली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, राजराजेश्वराच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचे घर आहे. रात्री दहानंतर त्या घरात मोबाइलचाच काय तो उजेड असतो, आणि त्या उजेडात चिरंजीव 'नारुतो' नावाची जपानी चित्रमालिका पाहतात. मूळ चित्रकथा १९९९ ते २०१४ अशी पंधरा वर्षे चालली होती. तीत नागाटो नावाचा एक खलपुरुष आहे. युद्धात लहानपणीच त्याचे आईबाप मारले गेले. पुढे, वेदना काय असते हे कळल्याखेरीज जग शांत होणार नाही, असे म्हणून तो एक अख्खे गाव जमीनदोस्त करतो.

"बाबा, तो मुळात वाईट नव्हता. त्याची बाजू ऐका तरी," चिरंजीव म्हणाले. "आणि आपला रावण तरी जन्मतः वाईट होता का?"

मी म्हणालो, "रावण तो रावणच! ही खुळे सोड आणि अभ्यासाला लाग. पुण्याच्या दादाकडे बघ जरा."

दादा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. चिरंजीव काही न बोलता उठले आणि गच्चीवर गेले. खटला तहकूब झाला.

दसऱ्याला मात्र त्यांनीच हट्ट धरला आणि आम्ही पातूर तालुक्यातल्या सांगोळ्याला गेलो. साऱ्या देशात दसऱ्याला रावण जाळतात. आमच्या जिल्ह्यातल्या या गावात त्याची पूजा होते. काळ्या पाषाणाची मूर्ती, दहा तोंडे, वीस हात. गावात सांगतात की, तेथे एक तपस्वी राहत असे. त्याच्या पश्चात त्याची मूर्ती घडवायला सांगितली, तर शिल्पकाराच्या हातून ही दहा तोंडांची मूर्ती घडली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारले, "तुम्ही रावण जाळत नाही?" ते म्हणाले, "काहून जाळाव बाप्पा त्याले? थो आमच्या गावचा देव व्हय." आणि याच गावात रामालाही हात जोडतात! शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातले कोरकू लोक तर होळीच्या सुमारास मेघनाथाचा खांब पुजतात. रावणाचे घराणे आमच्या वऱ्हाडाला परके नाही.

चिरंजीवांचा पक्ष बळावला. रावण विद्वान होता, शिवभक्त होता, बहिणीच्या अपमानाचा त्याने सूड घेतला, आणि सीतेला त्याने बोटही लावले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. घरी आल्यावर मी वाल्मीकिरामायण काढले.

पहिले दोन मुद्दे मान्य. तिसरा टिकत नाही. जनस्थानातल्या संहाराची बातमी प्रथम अकंपनाने आणली आणि सीतेला पळवण्याची कल्पनाही त्यानेच सुचवली. मारीचाने समजावले तेव्हा रावण परतही गेला होता. मग शूर्पणखा आली. तिने विटंबना तर सांगितलीच. पण सीतेच्या रूपाचे वर्णन केले तेव्हा तो पुन्हा उठला. शिवाय उत्तरकांडाप्रमाणे याच बहिणीचा नवरा युद्धाच्या धुंदीत त्याने स्वतःच मारला होता. चौथा मुद्दाही लंगडा. तो बळजबरी करीत नव्हता, कारण तसे केल्यास मस्तक फुटेल असा त्याला शाप होता. हे तो स्वतःच आपल्या माणसांना सांगतो. याला संयम म्हणायचे की भीती?

मी मनातून विजयी झालो होतो. पण पाने उलटता उलटता उत्तरकांडातल्या एका प्रसंगापाशी माझा हात थांबला. हे कांड मागाहून जोडलेले आहे असे पुष्कळ पंडित मानतात. पण ज्याने जोडले त्याला घर-संसार ठाऊक असला पाहिजे! कुबेर हा रावणाचा सावत्र भाऊ. एकदा तो पुष्पक विमानात बसून बापाला भेटायला येतो. त्याचे तेज पाहून कैकसी आपल्या मुलाला म्हणते की, हा तुझा भाऊ बघ आणि तू स्वतःला बघ. तूही असा हो. मुलाच्या अंगाची आग होते. मी याच्याएवढा होईन, याच्या वर जाईन, अशी तो प्रतिज्ञा करतो आणि तपाला बसतो. पुढे लंका आणि ते विमान त्याने कुबेराकडूनच हिसकावले.

वर मागतानाही हीच जखम दिसते. देव, दानव, यक्ष, नाग यांच्यापासून त्याने अभय मागितले. माणसांना मात्र कस्पटासमान लेखले. ज्याला सदा वरच्याकडेच बघायला शिकवले, त्याचे खाली लक्ष कसे जाणार? मरण तिकडूनच आले.

तर मग रावण सुटला का? नाही. विभीषणही त्याच आईचा. त्याने वर मागितला तो संकटातही धर्मबुद्धी ढळू नये असा. रावणाला तर अखेरपर्यंत वाट मोकळी होती. मारीच, विभीषण, कुंभकर्ण, माल्यवान, सर्वांनी सांगून पाहिले. मोडेन पण वाकणार नाही, हा आपला जन्मजात दोष आहे, असे त्याने माल्यवानाला बोलूनही दाखवले. स्वतःचा दोष कळला होता, सोडवला नाही! जखम कशी झाली हे समजते. पण जखमेचे पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.

हे सारे मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला मी लहानपणी हेच म्हणायची रे. दादाकडे बघ, दादाकडे बघ."

खरे होते. दर दिवाळीला थोरल्या भावाची मोटार आमच्या बोळाच्या तोंडाशी थांबते, तेव्हा पन्नाशीकडे झुकलेल्या या प्राध्यापकाच्या पोटात अजून काहीतरी ढवळते. माझ्या कानात मुरलेले ते वाक्य मी न चुकता मुलाच्या कानात ओतले होते.

रात्री मी गच्चीवर गेलो. म्हणालो, "परवा दादाचं नाव घेतलं ते माझं चुकलं."

चिरंजीवांनी मोबाइल बाजूला ठेवला. "म्हणजे फिर्यादी गुन्हा कबूल करतात?"

"एवढ्यापुरता."

"मग मीही कबूल करतो, बाबा. रावणानं विभीषणाचं ऐकायला हवं होतं."

निकाल आईने अजून दिलेला नाही. दिवाळीला मोटार येईल, तेव्हा यंदा तिच्याकडे न बघता आधी भावाकडे बघेन म्हणतो.