मुका झालेला रेडिओ

जुना ट्रान्झिस्टर बंद पडला की घरातली मुले म्हणतात, 'टाकून द्या, मोबाईलवर सगळं ऐकू येतं.' तो रेडिओ ज्यांच्यासाठी असतो, त्यांना मात्र कोणी विचारत नाही. आमच्या अम्मींना डोळ्यांनी कमी दिसते. मोबाईलची गुळगुळीत काच त्यांच्या बोटांना काही सांगत नाही, पण रेडिओच्या दोन चकत्या त्यांना अंधारातही सापडतात. बातम्या, शेतीचा कार्यक्रम, ईदच्या चाँदची खबर हे सारे त्या कोणाची मिनतवारी न करता ऐकतात. रेडिओ मुका झाला की हे सगळे थांबते.

प्रतापगडसारख्या गावात आता रेडिओचा मिस्त्री शोधावा लागतो. म्हणून आधी घरीच पाहावे. आमचा अनुभव असा, की आतले भाग सहसा शाबूत असतात. बिघाड असतो तो धातूला धातू टेकतो त्या जागी.

पहिला संशय सेलवर. पावसाळाभर सेल आतच राहिले की ते पाझरतात आणि पट्ट्यांवर, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशी धरल्यासारखे दिसते. मग नवे सेल घातले तरी रेडिओ बोलत नाही आणि आपण म्हणतो, 'मेला!' सेल काढून पट्ट्या जुन्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासाव्यात, मग स्पिरिटने पुसाव्यात. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर कापसावर सिरक्याचा थेंब घ्यावा, तो क्षार विरघळवतो. ही पूड हाताला लागू देऊ नये. मीटरने सेल तपासायचा तर रेडिओ चालू ठेवून तपासावा. नुसता बाजूला ठेवून मोजलेला थकलेला सेलही दीड व्होल्ट दाखवून फसवतो.

आवाज फक्त इअरफोनमध्ये येत असेल तर दोष त्याच्या भोकात आहे. पिन घातली की आतली पत्ती उचलली जाते आणि स्पीकर तुटतो. ती पत्ती वरच अडकली की स्पीकर गप्प. पिन दहा-वीस वेळा आत-बाहेर केली की बहुधा ती मोकळी होते. आवाज वाढवताना खरखर होते ती व्हॉल्यूमच्या आतल्या कार्बनपट्टीवरच्या धुळीमुळे. सेल काढून चकती या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवावी. एवढ्याने गेली नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. खोबरेल तेल मुळीच नको, त्यावर धूळ आणखी बसते. स्पीकरची तार सुटली असेल तर सोल्डरचा एक डाग पुरतो.

उघडल्यावर लहान चौकोनी डब्यांत लाल, पिवळे, काळे स्क्रू दिसतात. मुलांचा हात हटकून तिथेच जातो! ते अजिबात फिरवू नयेत. एकदा जुळणी बिघडली की घरी परत बसत नाही.

एवढे करूनही आवडीचे स्टेशन लागले नाही, तर दोष रेडिओचा नसेलही. नागपूरच्या ट्रान्समीटरवरून १९८८ पासून रात्री ऐकू येणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी बंद करण्याचा आदेश प्रसारभारतीने डिसेंबर २०१८ मध्ये काढला. बीबीसीची शॉर्टवेव्हवरची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० ला थांबली. ती शोधत चकती फिरवत बसलेली म्हातारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हे कोणीतरी सांगायला हवे होते.

आकाशवाणी नागपूर मात्र मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला आहे. या बँडचा अँटेना म्हणजे आत आडवी बसवलेली काळी फेराइटची कांडी, वर ओढायची तार नव्हे. कांडीचे टोक स्टेशनकडे असले की आवाज पडतो. नागपूर आमच्या पश्चिमेला, म्हणून रेडिओचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला करून ठेवतो. तरीही गुणगुण राहिली तर जवळचा एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर बंद करून पाहावा.