‘आधी काढा घेऊन बघू’

लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या ताई आमच्या ओपीडीत आल्या, तेव्हा त्यांच्या उजव्या स्तनात लिंबाएवढी गाठ होती. वय सत्तेचाळीस. नवरा बेस्टमध्ये कंडक्टर, मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बायोप्सीचा रिपोर्ट आला तो कॅन्सरचा. काखेतही एक गाठ हाताला लागत होती, पण बाकी शरीरात तो कुठे पसरलेला नव्हता. मी म्हटलं, ‘‘ताई, हा बरा होण्यासारखा आहे. मी टाटाला चिठ्ठी देतो. उशीर करू नका.’’

ताई काहीच बोलल्या नाहीत. बोलले ते त्यांचे दीर. ‘‘डॉक्टर, आमच्या गावाकडे एक वैद्य आहेत. त्यांच्या औषधाने आमच्या ओळखीतला एक माणूस बरा झालाय. आधी तीन महिने काढा घेऊन बघू का? नाहीतर टाटा आहेच की.’’

बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले होते. मी जरा चिडूनच म्हणालो, ‘‘काढ्याने कॅन्सर बरा होत नाही. ऐकायचं तर ऐका, नाहीतर तुमची मर्जी.’’ एवढं बोलून पुढचा केसपेपर ओढला.

ताई परत आल्या त्या सात महिन्यांनी. गाठ फुटून जखम झाली होती आणि खोकला थांबत नव्हता. स्कॅनमध्ये फुप्फुसात डाग दिसले. परळचं टाटा रुग्णालय त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात बिहार, बंगाल आणि आसामहून माणसं दोन-दोन दिवसांचा प्रवास करून येतात, बाहेरच्या फुटपाथवर झोपतात. आणि लालबागच्या या ताई दर पंधरा दिवसांनी रात्रीची एसटी पकडून काढा आणायला गावी जात होत्या.

हळद, कडुनिंब आणि एक पत्रक

असा संभ्रम फक्त चाळीतच असतो असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी अमृतसरला पत्रकार परिषद घेतली आणि पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाल्याचं सांगितलं. कच्ची हळद, कडुनिंबाची पानं, लिंबूपाणी, साखर आणि दूध बंद अशा आहाराला त्यांनी बरंचसं श्रेय दिलं. तो व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. त्यावर टाटा रुग्णालयातल्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांनी सह्या करून पत्रक काढलं. अशा आहाराने कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, लोकांनी उपचार लांबवू नयेत, असं त्यात म्हटलं होतं. मुद्दा साधा होता. सिद्धू यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया झाली होती, केमोथेरपीही झाली होती. पुढे खुद्द सिद्धू यांनीही खुलासा केला की, हा आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपचारांच्या जोडीने होता. पण व्हिडिओ जितक्या फोनवर गेला, तितक्या फोनवर खुलासा कधीच जात नाही.

‘ओळखीतला एक माणूस बरा झाला’ ही गोष्टही बहुतेक वेळा अशीच असते. खोलात जाऊन विचारलं की कळतं, त्याचं ऑपरेशन आधीच झालेलं होतं. किंवा बायोप्सी झालीच नव्हती, म्हणजे ती गाठ कॅन्सरची होती की नाही हेच माहीत नाही. किंवा कॅन्सर अतिशय हळू वाढणारा होता. आणि जे काढा घेऊन बरे झाले नाहीत, त्यांची गोष्ट सांगायला कुणी येत नाही.

थांबण्याची किंमत

या थांबण्याची किंमत मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या डॉक्टरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा कॅन्सर दूरच्या अवयवांत पसरलेला नव्हता, म्हणजे बरा होण्याची संधी होती, अशा रुग्णांचा हा अभ्यास. त्यातल्या २८१ जणांनी नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले होते. त्यांची तुलना तशाच आजाराच्या, पण नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० जणांशी केली. पर्यायी उपचारवाल्यांमध्ये मृत्यूचा धोका एकूण अडीच पट होता, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटीहून जास्त. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये मात्र त्या काळात फरक दिसला नाही, कारण तो बहुधा फार सावकाश वाढतो. अशाच एखाद्या सावकाश वाढणाऱ्या कॅन्सरमुळे एखाद्या वैद्याचं नाव होतं आणि किंमत दुसऱ्याच पेशंटला मोजावी लागते.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पर्यायी उपचार निवडणारे तुलनेने तरुण, जास्त शिकलेले आणि जास्त कमावणारे होते. म्हणजे हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. भीती शिकलेल्यालाही वाटते.

नैसर्गिक म्हणजे काय?

‘केमो म्हणजे केमिकल, काढा म्हणजे नैसर्गिक’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. आपल्या दारातली सदाफुली आठवा. व्हिंक्रिस्टीन हे केमोथेरपीचं औषध तिच्यातूनच मिळालं आणि रक्ताच्या कॅन्सरच्या असंख्य मुलांना त्याचा उपयोग झाला. स्तनाच्या कॅन्सरसाठी नेहमी वापरलं जाणारं पॅक्लिटॅक्सेल मूळचं एका झाडाच्या सालीतलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं. त्यापासून बनवलेली औषधं आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वापरतात. त्याच्यासाठी नरक्याची चोरटी तोड होते, हेही आपण बातम्यांत वाचतो.

म्हणजे झाडपाला कमी प्रतीचा आणि गोळी श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. फरक एवढाच की सदाफुलीतलं नेमकं कोणतं द्रव्य काम करतं, ते किती द्यायचं, किती दिलं तर इजा होते, हे शेकडो रुग्णांवर तपासून मग ते औषध झालं. सदाफुलीची पानं चघळून रक्ताचा कॅन्सर बरा होत नाही. उलट, त्या पानांतली द्रव्यं विषारी आहेत.

‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?’ हा पुढचा प्रश्न. तोटा होऊ शकतो. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती का हे तपासलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. पण पेशंटच्या बाजूने पाहिलं तर चिंता दोन्हीकडून तीच राहते. पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला माहीत नसतं. काही भस्मांमध्ये आणि पुड्यांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. केमो सुरू असताना यकृताला सूज आली, तर केमो थांबवावी लागते. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना न उकळलेला गव्हांकुराचा रस प्यायला, तर जंतुसंसर्ग होऊ शकतो.

आणखी एक समज फार घात करतो: ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो.’ स्तनाच्या गाठीत सुई घालून तुकडा काढल्याने कॅन्सर शरीरभर पसरत नाही. तो आधीच वाढत असतो. तपासणी उशिरा झाली की पसरलेला सापडतो आणि दोष सुईवर येतो.

ताई गप्प का होत्या?

ताईंवर आता उपचार सुरू आहेत. आजार पूर्ण जाणार नाही, पण खोकला कमी झाला आहे आणि जखम सुकली आहे. एका दुपारी वॉर्डात त्या एकट्याच होत्या. मी विचारलं, ‘‘ताई, तुमचा त्या काढ्यावर विश्वास होता?’’

‘‘नव्हता हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मला केमोची भीती वाटत होती. माझी थोरली जाऊ केमोत कशी झाली होती, ते मी बघितलंय. मुलीची परीक्षा होती. पैशाचं कसं होणार, ते वेगळंच. भाऊजी काढा म्हणाले, तेव्हा सुटल्यासारखं झालं. मला कुणी विचारलंच नाही.’’

मला कुणी विचारलंच नाही, यात मीही आलो. पहिल्या दिवशी मी दिरांशी वाद घातला आणि ज्यांना आजार होता, त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता, तर सांगता आलं असतं की उलट्या थांबवणारी औषधं आता पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली आहेत, केस परत येतात, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून मदत मिळते.

दीर रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचे. एकदा जिन्यात थांबवून त्यांनी विचारलं, ‘‘डॉक्टर, माझ्यामुळे झालं ना हे?’’ मी म्हणालो, ‘‘तुम्ही मायेने सांगितलंत. मी त्या दिवशी पाच मिनिटं दिली असती, तर तुम्हीही ऐकलं असतं.’’

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. रिपोर्ट सांगितला की घरच्यांना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगतो आणि पेशंटला विचारतो, ‘‘तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’’ घरात हे आजार येतात तेव्हा तुम्हीही हा प्रश्न विचारा. मग सगळे मिळून डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: आजार कोणत्या टप्प्यात आहे? उपचाराने बरा होण्याची शक्यता किती? थांबलो तर काय होईल? त्रास काय होईल आणि त्यावर उपाय काय? शंका असेल तर दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञाचं मत जरूर घ्या. त्याला काही दिवस लागतात, महिने नाही.

वैद्यांकडे जायचं असेल तर त्यांनाही दोन गोष्टी विचारा: या औषधात काय काय आहे, ते लिहून द्याल का? आणि टाटाचे उपचार चालू ठेवून हे घेतलं तर चालेल का? माझ्या ओळखीचे चांगले वैद्य गाठ दिसली की आधी बायोप्सीला पाठवतात. ‘ॲलोपॅथी बंद करा, मगच माझं औषध लागू पडेल’ असं जो म्हणतो, त्याच्यापासून लांब राहा. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, हेही लक्षात असू द्या. आणि जे काही घेत असाल, ते डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावलो तरी सांगा.

योगासनं, प्राणायाम, घरचा ताजा वरण-भात, संध्याकाळची प्रार्थना, शिवाजी पार्कातली फेरी, हे सगळं उपचारांबरोबर खुशाल चालू ठेवा. त्याने पेशंटला बळ येतं. पण ते उपचारांबरोबर हवं, उपचारांऐवजी नको. काढा पुढच्या महिन्यातही मिळेल. गाठ मात्र पुढच्या महिन्यात आज आहे तेवढीच असेल, असं मी सांगू शकत नाही.