नारू : परजीवी, पोशिंदा आणि पाणी

आपल्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने मला एकदा विचारले, "सर, आमच्या आजोबांच्या घोट्याजवळ मोठा व्रण आहे. तिथून नारू निघाला होता, असे ते सांगतात. नारू म्हणजे काय?" वर्गातील एकाही मुलाला हा शब्द ठाऊक नव्हता. इतिहासाचा शिक्षक असूनही मला या अज्ञानाचा आनंदच झाला. आजोबांनी अंगावर सोसलेल्या रोगाचे नावही नातवंडांना माहीत नसावे, हे यश लहान नव्हे. ते कसे लाभले, हे कळण्यासाठी परजीवी आणि पोशिंदा यांचे नाते आधी समजून घ्यावे लागते.

जो जीव दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा शरीरात राहून त्याच्यावर जगतो आणि त्याचे नुकसान करतो, तो परजीवी. ज्याच्यावर तो जगतो, तो पोशिंदा. ऊ, गोचीड हे बाह्य परजीवी. जंत, पट्टकृमी हे अंतःपरजीवी. पोशिंदा तत्काळ मेला तर परजीवीचाही आसरा जातो. म्हणून अनेक परजीवी पोशिंद्याला एकदम मारीत नाहीत, झिजवितात. काहींचे एका पोशिंद्यावर भागतही नाही. ज्याच्या शरीरात परजीवी प्रौढ होऊन प्रजनन करतो तो अंतिम पोशिंदा. ज्याच्या शरीरात वाढीचा केवळ एक टप्पा काढतो तो मध्यस्थ पोशिंदा.

नारूचा अंतिम पोशिंदा माणूस आणि मध्यस्थ पोशिंदा सायक्लॉप्स हा पाण्यातील अतिसूक्ष्म जीव. नारूची अळी पोटात असलेला सायक्लॉप्स पाण्यावाटे माणसाच्या जठरात जाई. तेथे सायक्लॉप्स मरे, अळी मात्र आतड्याची भिंत भेदून शरीरात वाढे. सुमारे वर्षभराने दोन-तीन फूट लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीखाली येई आणि तेथे आग करणारा फोड उठे. दाह शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवी. त्याच क्षणी मादी हजारो अळ्या पाण्यात सोडी. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणारा माणूस अशा रीतीने नकळत साऱ्या गावाचे पाणी दूषित करी. बाहेर आलेला कृमी काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढावा लागे. मध्येच तुटला तर जखम चिघळे.

या रोगावर ना लस होती, ना कृमी मारणारे खात्रीचे औषध. तरीही तो गेला, कारण नात्याची साखळी एका ठिकाणी तोडली की पुरते. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाणी वरून शेंदण्याची सोय झाली, हातपंप बसले, पाणी कापडाने गाळून पिण्याची शिकवण घरोघर पोचली. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले.

भिक्षूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन असते. त्यामागचा हेतू पाण्यातील जिवांची हिंसा टाळणे हा. पण त्याच कृतीने माणसाचेही रक्षण होते, हे नारूने दाखविले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते समान मानवी हक्कासाठी. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जाण्यास मज्जाव होता, त्यांना मिळेल ते पाणी प्यावे लागे. पाणी कोणाला आणि कसे मिळते, यावर रोगाची साखळी अवलंबून असते. पाण्याचा हक्क हा आरोग्याचाही हक्क आहे, तो असा.

ही साखळी आपल्या मढपासूनही दूर नाही. हिवतापाच्या परजीवीचे प्रजनन डासात होते. म्हणजे तेथे डास अंतिम पोशिंदा आणि माणूस मध्यस्थ. मुंबईतील हिवतापाचा डास गटारात नव्हे, तर साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून वसतिगृहाच्या टाकीचे झाकण घट्ट लावणारा, आठवड्यातून एकदा पिंप कोरडे करणारा विद्यार्थीही साखळी तोडतो. त्याच्या नातवंडांनी एखाद्या दिवशी विचारावे, "आजोबा, हिवताप म्हणजे काय?" एवढीच माझी इच्छा आहे.