स्किस्मा: दोन सेंटपेक्षाही लहान अंतर

फोनमधल्या ट्यूनर ॲपमध्ये सुराशेजारी +२, −१४ असे आकडे नाचताना दिसतात ना? ते 'सेंट'. एका सप्तकात १२०० सेंट, म्हणजे हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत १००. आज ज्या अंतराबद्दल सांगतोय ते आहे फक्त १.९५ सेंटचं. नाव स्किस्मा.

हे येतं कुठून? सा ते प म्हणजे कंपनसंख्येचं २:३ हे प्रमाण, सा ते शुद्ध ग म्हणजे ४:५. आता सा वरून प वर जा, त्या प ला सा मानून पुढच्या प वर जा. अशा आठ उड्या मारा आणि शेवटी गंधाराची एक. तुम्ही पाच सप्तकं वरच्या सा वर पोचता. म्हणजे, जवळजवळ! कॅल्क्युलेटर काढा: १.५ ला आठ वेळा गुणा, मग गुणिले १.२५. उत्तर ३२.०३६. पाच सप्तकं म्हणजे नेमके ३२. हे जास्तीचं जे उरलं, तोच स्किस्मा. अपूर्णांकात ३२८०५/३२७६८.

कोड लिहिणाऱ्याला वाटेल, राउंडिंगचा घोळ असणार. पण नाही. वरची संख्या ३ आणि ५ च्या गुणाकारातून आलीय, म्हणून विषम. खालची नुसत्या २ ची. त्या समान होणंच शक्य नाही.

एकामागून एक वाजवले तर हा फरक बहुतेकांना कळत नाही. एकत्र वाजवले तर कळतो. दोन फोनवर टोन जनरेटर ॲप उघडा, एकावर २४० हर्ट्झ, दुसऱ्यावर २४०.२७. आवाज साधारण पावणेचार सेकंदांनी एकदा फुगेल आणि ओसरेल.

एकोणिसाव्या शतकातले जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी तर या फरकाचा उपयोगच करून घेतला. आठ 'प' खाली उतरलं की जो सूर मिळतो, तो (सप्तक जुळवून घेतल्यावर) शुद्ध गंधारापेक्षा जेमतेम एक स्किस्मा उतरलेला असतो. तेवढं चालवून घ्यायचं ठरवून त्यांनी सप्तकात २४ सूर असलेला हार्मोनियम लावून घेतला. आपल्या नेहमीच्या हार्मोनियमचा गंधार तब्बल १३.७ सेंट चढा असतो, त्यापुढे हे काहीच नाही.

म्हणून तंबोऱ्यावर जुळवून गायलेला शुद्ध ग ॲपवर −१४ दाखवतो आणि प +२. (हा +२ म्हणजे १.९५५, स्किस्मा १.९५४, इतके जवळ, तरी वेगळे!) गाणारा बेसूर नसतो, ॲपची मोजपट्टी हार्मोनियमची असते. सेटिंगमध्ये 'जस्ट इंटोनेशन' सापडलं तर ते निवडा, सा तुमचा द्या आणि पुन्हा गाऊन बघा.