केस पेपरवरचा एक प्रश्न

“अगं, नुसतं विचारतात. उत्तर दिलंच पाहिजे असं थोडंच आहे?”

फ्लोरिडाच्या कायद्याचा विषय निघाला की हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. टॅम्पातली मामेबहीण हेच म्हणाली. डॅलसला मुलाकडे चार महिने राहून आलेले शेजारचे काका हेच म्हणाले. दोघंही भली माणसं आहेत, कुणाचं वाईट चिंतणारी नाहीत. त्यामुळेच हा प्रश्न निरुपद्रवी आहे हा गैरसमज फार सहज पसरतो आणि त्याला सविस्तर उत्तर द्यावंसं वाटतं.

आधी कायदा नीट पाहू. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी १० मे २०२३ रोजी एसबी १७१८ या इमिग्रेशन कायद्यावर सही केली आणि १ जुलैपासून तो लागू झाला. नोकऱ्या, वाहन परवाने, वाहतूक असं बरंच काही त्यात आहे. दवाखान्यापुरतं बोलायचं तर, मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याचे पैसे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने भरतीच्या किंवा इमर्जन्सीच्या फॉर्मवर एक प्रश्न छापायचा: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात, कायदेशीरपणे इथे आहात, की नाही? उत्तरांचे आकडे दर तिमाहीला राज्याच्या आरोग्य यंत्रणेकडे पाठवायचे. उत्तर नाकारण्याची मुभा आहे. उत्तराने उपचारात फरक पडणार नाही आणि ते इमिग्रेशन खात्याला कळवलं जाणार नाही, असं फॉर्मवरच लिहिणं बंधनकारक आहे. राज्याकडे नावं जात नाहीत, फक्त संख्या जाते. टेक्सासमध्ये गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांच्या आदेशाने १ नोव्हेंबर २०२४ पासून अशीच मोजणी सुरू झाली.

इथपर्यंत बहिणीचं बरोबर आहे. चूक पुढे होते. ती घरात, दिव्याखाली, इंग्रजी येत असताना तो फॉर्म वाचते आहे.

आता दक्षिण फ्लोरिडातल्या इमोकलीला चला. टोमॅटोच्या शेतांचं गाव. मजूर मेक्सिकोचे, ग्वाटेमालाचे, हैतीचे. कुणी स्पॅनिश बोलतं, कुणी क्रेओल, तर कुणाची मातृभाषा एखादी माया भाषा असते आणि स्पॅनिशही जेमतेम येतं. रात्री मूल तापाने फणफणलं, तर त्या आईपर्यंत कायद्याची पोटकलमं पोचलेली नसतात. तिच्यापर्यंत पोचतं ते एवढंच: दवाखान्यात कागद विचारतात. ती घरीच थांबते. मुभेची ती ओळ वाचायला आधी दवाखान्याचं दार ओलांडावं लागतं, आणि भीती त्या दाराच्या अलीकडेच काम करून मोकळी होते. फ्लोरिडा पॉलिसी इन्स्टिट्यूट, फ्लोरिडा इमिग्रंट कोअलिशन यांच्यासारख्या संस्थांचा आक्षेप नेमका हा आहे. उत्तर काय येतं, हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम मुद्दा आहे.

हा त्यांचा नुसता अंदाज आहे असंही कुणी म्हणू नये, कारण याचा अभ्यास तीस वर्षं होत आला आहे. लॉस एंजेलिसच्या क्षयरुग्णांची पाहणी १९९४ साली प्रसिद्ध झाली. दवाखान्यात गेलो तर इमिग्रेशनवाल्यांच्या हाती लागू, अशी भीती असलेल्या रुग्णांनी उपचाराला दोन महिन्यांहून जास्त उशीर करण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ चौपट होती. क्षय हा खोकल्यातून पसरणारा आजार. ते दोन महिने त्या माणसाने बसमध्ये, कारखान्यात, मुलांच्या शेजारी काढले. अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये एसबी १०७० आणला. त्यात पोलिसांनी कागद तपासण्याची तरतूद होती, रुग्णालयांसाठी असा प्रश्न नव्हता. तरीही मेक्सिकन वंशाच्या किशोरवयीन मातांनी प्रतिबंधक आरोग्यसेवा घेणं कमी केलं, असं २०१४ च्या ‘अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ’मधल्या अभ्यासात दिसलं.

सगळ्यात बोलका दाखला आयोवातल्या पोस्टव्हिलचा वाटतो. मे २००८ मध्ये तिथल्या मांस कारखान्यावर केंद्र सरकारच्या इमिग्रेशन यंत्रणेने छापा घातला. त्यानंतरच्या काळात आयोवाभरातल्या लॅटिनो मातांच्या पोटी कमी वजनाचं बाळ जन्मण्याचा धोका, वर्षभरापूर्वीच्या त्याच काळाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. छापा एका गावात, परिणाम राज्यभर, आणि तोही अमेरिकेत जन्मलेल्या मातांवरसुद्धा. ज्यांना या यंत्रणेपासून कसलीच भीती नव्हती, त्यांच्या बाळांचाही धोका वाढला. ‘कायदेशीर आहे त्याने का घाबरावं’ असं म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास एकदा तरी वाचावा.

आणि फ्लोरिडात काय झालं? कागदपत्रं नसलेल्यांच्या तातडीच्या उपचारांवरचा मेडिकेडचा खर्च कायद्यानंतरच्या वर्षात निम्म्याहून अधिक घटला, असं ‘पॉलिटिको’ने २०२४ मध्ये छापलं. कायद्याच्या समर्थकांनी हे यश म्हणून मिरवलं, तेव्हा मात्र माझा संयम सुटला. बिलं कमी झाली म्हणून आजार कमी झाले, हे कुठल्या वैद्यकात बसतं? वर्षभरात कुणाची मूत्रपिंडं आपोआप सुधारली नव्हती.

मूत्रपिंडाचंच उदाहरण घेऊ. कागदपत्रं नसलेल्या रुग्णाला कित्येक राज्यांत नियमित डायलिसिस मिळत नाही. जीव जायची वेळ आली की इमर्जन्सीत मिळतं. २०१८ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांच्या मृत्यूचा धोका पाच वर्षांत नियमित डायलिसिस घेणाऱ्यांच्या १४ पट दिसला. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या अभ्यासाने खर्चाचा हिशेब मांडला: नियमित डायलिसिस दिलं तर माणशी दरमहा सुमारे ५,७०० डॉलर वाचतात. उशीर जीवावरही बेततो आणि तिजोरीवरही. कोलोरॅडोने हे ओळखून २०१९ मध्ये आपला नियम बदलला.

“पण माहिती बाहेर जाणार नाही, असं लिहून दिलंय ना?” हो, फ्लोरिडाने लिहून दिलं आहे. पण रुग्णालयं, शाळा, प्रार्थनास्थळं इथे शक्यतो कारवाई करायची नाही, हे केंद्राचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. त्याच वर्षी जूनमध्ये, कॅलिफोर्नियासह काही राज्यांतल्या मेडिकेडधारकांची माहिती केंद्राच्या आरोग्य खात्याने गृहसुरक्षा खात्याला दिल्याची बातमी आली आणि राज्यं कोर्टात गेली. हे ऐकलेल्या माणसाने एका राज्याच्या फॉर्मवरच्या आश्वासनावर कशाच्या बळावर विसंबावं?

कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांबद्दलचे बाकीचे समज थोडक्यात. ‘त्यांना सगळं फुकट मिळतं’: १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीतल्या रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करणं बंधनकारक आहे, पुढचं बिल माफ नाही; मेडिकेडमध्ये त्यांना नाव घालता येत नाही, आणि तातडीच्या उपचारांपुरता मिळणारा पैसा मेडिकेडच्या एकूण खर्चाच्या एक टक्काही नाही. ‘ते कर भरत नाहीत’: आयटेप या कर-अभ्यास संस्थेच्या हिशेबाने २०२२ मध्ये त्यांनी ९६.७ अब्ज डॉलर भरले. त्यातले अब्जावधी अशा विमा-पेन्शन निधीत गेले, ज्यांचा लाभ त्यांना मिळत नाही. ‘ते रोगराई आणतात’: स्थलांतरितांपासून यजमान लोकसंख्येला असलेला संसर्गाचा धोका सहसा कमी असतो, असं ‘लॅन्सेट’च्या २०१८ च्या आयोगाने स्पष्ट लिहिलं आहे.

‘डॉक्टरांनी राजकारणात पडू नये’ हेही ऐकते. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात प्रस्ताव १८७ आला, तेव्हा कागदपत्रं नसल्याचा संशय असलेल्या रुग्णांची खबर सरकारला द्यायची सक्ती होणार होती. मतदारांनी तो मंजूर केला, राज्याच्या मेडिकल असोसिएशनने विरोध केला, कोर्टाने अडवला. आपल्याकडेही परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये सांगितलं आहे की जखमीवर आधी उपचार करायचे, पोलिसी सोपस्कार नंतर. रुग्णाला विचारायचा पहिला प्रश्न कोणता, हे ठरवणं डॉक्टरांचं कामच आहे.

फ्लोरिडातही प्रकरण कोर्टात गेलं: एसबी १७१८ मधल्या वाहतुकीच्या कलमाला शेतमजुरांच्या संघटनेने आव्हान दिलं आणि मे २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्याला स्थगिती दिली. रुग्णालयाचं कलम त्या दाव्यात नव्हतं, म्हणून फॉर्मवरचा प्रश्न तसाच राहिला.

डिसेंबरात बहिणीचे सासू-सासरे टॅम्पाला जाणार आहेत. सासऱ्यांना मधुमेह आहे, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, म्हणून तिला फोनवर सांगितलं: ते व्हिसावर आहेत, ‘कायदेशीरपणे इथे आहे’वर खूण करू देत किंवा उत्तर देणार नाही म्हणू देत, छातीत दुखलं तर फॉर्मपायी एक मिनिटही थांबू नका. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मी ऑफिसात असताना काही झालं तर? बाबांना तो फॉर्म वाचता येणार नाही गं. घाबरून बाहेरच बसून राहतील.”